ओढ्याच्या पाणलोटाची हद्द कशी आखायची?

प्रश्न: समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) नकाशावर एका लहान ओढ्याचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथलं पावसाचं पाणी त्या ओढ्याकडे उतरतं तो भाग, आखतोय. दोनदा खोडलं. दोन्ही वेळा माझी हद्द एका ओहोळाला आडवी कापून गेली. चुकतंय कुठे?

उत्तर: हद्द वाहत्या पाण्याला एकाच जागी छेदते, जिथून सुरुवात केलीत त्या मुखाशी. दुसरीकडे छेदली म्हणजे तुम्ही घळीला (पाणी उतरतं त्या खोलगट भागाला) सोंड (डोंगराची पुढे आलेली उंच धार) समजलात. समोच्च रेषेचं टोक चढाकडे वळलं तर घळ, उताराकडे वळलं तर सोंड. (मी तर पहिला अख्खा नकाशा उलटा वाचला होता.) मुखापासून निघा, सोंडेच्या धारेवरून माथ्यावर चढा, पलीकडच्या सोंडेने परत मुखाशी उतरा.

दुसरं उत्तर: क्षेत्रफळही काढा, मजा येते. १ चौरस किलोमीटरवर १ सेंटिमीटर पाऊस म्हणजे १०,००० घनमीटर, म्हणजे १ कोटी लिटर! अर्थात सगळं ओढ्यात येत नाही. काही उडून जातं, काही मुरतं. मुरलेल्यातलंच थोडं पाऊस थांबल्यावर झऱ्यांवाटे ओढा वाहता ठेवतं.

प्रश्नकर्ता: घळच होती ती! ओहोळ आता हद्दीच्या आत आलाय. खोडरबर मात्र संपलं.