वामनदादा कर्डक: साठ वर्षांचे गाणे कशाच्या आधारावर उभे राहिले?

नीलांबरी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात मला आंबेडकरी चळवळीचे कवी-गायक वामनदादा कर्डक यांच्या गीतलेखनावर अर्धा तास बोलायचे आहे. चरित्राचे ठळक टप्पे माझ्याजवळ आहेत. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्म, मुंबईत मोलमजुरी आणि गिरणीतले काम, मोठेपणी झालेली अक्षरओळख, १९४३ साली एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर रचलेले पहिले विडंबनगीत आणि १५ मे २००४ रोजी निधन, इतके मी व्यवस्थित सांगू शकेन. अडते ते पुढे. ज्यांच्यामागे ना ध्वनिमुद्रिकांची कंपनी होती, ना आकाशवाणीची नोकरी, ना एखादी नाटक मंडळी, ते साठ वर्षे गात आणि लिहीत कसे राहिले, याचे पटण्याजोगे उत्तर मला कोणत्याही लेखात सापडलेले नाही. बहुतेक लेख ‘उपेक्षित लोककवी’ असे म्हणून हळहळतात आणि थांबतात.

दुसरी अडचण संहितेची आहे. एकच गीत मला तीन ठिकाणी तीन प्रकारे मिळाले, आणि त्यांपैकी एका ठिकाणी शेवटचे कडवेच नव्हते. वाचून दाखवताना कोणता पाठ ग्राह्य मानावा? आणि त्यांना शाहीर म्हणावे, लोककवी म्हणावे की गझलकार, यावरही जाणकारांनी लिहिल्यास उपकार होतील.

गोदाकाठ

जय भीम, नीलांबरीताई. त्यांच्यामागे कोणी नव्हते, हे कंपनी आणि संस्था यांच्यापुरते खरे आहे. त्यांच्यामागे वस्ती होती, आणि वस्तीला स्वतःचे पंचांग होते. १४ एप्रिलची बाबासाहेब आंबेडकरांची जयंती, वैशाखातली बुद्धपौर्णिमा, दसऱ्याच्या सुमारास येणारा धम्मदीक्षेचा दिवस, ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन, हे दिवस वर्षभर विखुरलेले आहेत, आणि त्यातही जयंती एका तारखेला उरकत नाही. आज या गावाची, परवा शेजारच्या गावाची, अशी ती थेट मे महिना संपेपर्यंत चालते, कारण नाव असलेली गायन पार्टी सगळ्यांना एकाच रात्री मिळणे शक्य नसते. मंडळ घरटी वर्गणी काढते, पार्टीला सुपारी देते, कलावंतांच्या जेवणाची सोय कोणाच्या तरी घरी होते, आणि समाजमंदिरापुढे पेटी, ढोलकी, बुलबुलतरंग मांडून कोरस धरणारी मंडळी बसली की गाणे रात्र सरेपर्यंत चालते. दोन पार्ट्या समोरासमोर बसवून ‘जंगी सामना’ लावला असेल, तर आदल्या पार्टीच्या गाण्याला त्याच चालीत उत्तर द्यावे लागते. अशा ठिकाणी जुने पाठ केलेले गाणे फार वेळ तग धरत नाही, जागेवर रचणाराच टिकतो. वामनदादांच्या गीतांची संख्या हजारांत का मोजली जाते, याचे अर्धे उत्तर मला या व्यवस्थेत दिसते.

उरलेले अर्धे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. त्यांचे स्वातंत्र्य कंपनीपासून होते तितकेच पुढाऱ्यांपासूनही होते. ते समता सैनिक दल या आंबेडकरी स्वयंसेवक संघटनेतून घडलेले कार्यकर्ते होते, चळवळीवर त्यांची अढळ निष्ठा होती, आणि तरीही १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाला लवकरच जी फुटीची कीड लागली, तिच्यावर त्यांनी ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ असे भर सभेत ऐकवावे असे गीत लिहिले. यातला ‘पाच’ हा आकडा पाहा. हजारोंच्या सभेत पुढारी व्यासपीठावर बसलेले असताना गाणारा म्हणतो की बाबासाहेबांच्या मताचे पाच जणही दिसत नाहीत. पक्षाच्या मानधनावर जगणाऱ्या माणसाला ही ओळ परवडली नसती. वर्गणी काढणाऱ्या वस्तीला ती हवी होती, कारण तिचे गाऱ्हाणे तेच होते. म्हणून मला ‘उपेक्षित’ हे विशेषण फारसे पटत नाही. समीक्षकांनी उपेक्षा केली, हे मान्य. श्रोत्यांनी त्यांना एक दिवसही उपेक्षित ठेवले नाही.

लगक्रम

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी फक्त रचनेबद्दल लिहितो, कारण भीमगीत म्हटले की लोक आशयाकडे पाहतात आणि बांधणीकडे पाहायचे राहून जाते.

तीच ओळ घ्या. ‘भीमा तुझ्या मताचे’ याचा लगक्रम, म्हणजे लघू (ल) आणि गुरू (गा) अक्षरांचा क्रम, गागाल गालगागा असा येतो, आणि ‘जर पाच लोक असते’ यात ‘जर’ आणि ‘अस’ या दोन लघूंच्या जोड्या प्रत्येकी एक गुरू धरल्या की पुन्हा गागाल गालगागा मिळतो. हे आनंदकंद वृत्त झाले, चोवीस मात्रांचे. सुरेश भटांची ‘केव्हातरी पहाटे’ ही रचना याच वृत्तात आहे. पुढच्या ओळीत ‘लोक’ला ‘टोक’ हा काफिया (यमक) येतो आणि ‘असते’ हा रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारा शब्द) तसाच राहतो, म्हणजे गझलेचा मतला (पहिला शेर) नियमानुसार बांधलेला आहे. ज्यांना अक्षरओळखच मोठेपणी झाली त्यांच्या हातून हे कसे घडले, असे आश्चर्य काही जण व्यक्त करतात. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. वृत्त पाटीवर शिकावे लागत नाही, ते कानाने शिकता येते, आणि मुंबईच्या कामगार वस्तीत कव्वाली रात्रंदिवस कानावर पडत होती.

आता ‘सांगा आम्हाला बिर्ला बाटा टाटा कुठाय हो’ हे गीत पाहा. बाटा, टाटा, मग धनाचा साठा, मग आमचा वाटा, असे एकाच नादाचे शब्द एकामागून एक पडत जातात आणि उद्योगपतींच्या नावापासून सुरू झालेली मोजदाद पाहता पाहता ऐकणाऱ्याच्या हिश्शापाशी येऊन पोहोचते. ‘कुठाय हो’ हा प्रत्येक ओळीच्या शेवटी येणारा प्रश्न कोरसने उचलायचा असतो. एकट्याने म्हटले तर त्यातली अर्धी धार जाते. तेव्हा गझलकार की शाहीर, या प्रश्नावर माझे मत असे की बांधणी पुष्कळदा गझलेची किंवा कव्वालीची आहे, पण ती गाण्याची रीत शाहिराची आहे. एकच बिरुद लावणे भाग असेल, तर त्यांना लोक ज्या नावाने ओळखतात ते ‘लोककवी’ हेच ठेवावे.

नीलांबरी

दोघांचीही मनःपूर्वक आभारी आहे. माझ्या टिपणात मी आणखी एक गोष्ट घेतली आहे: आपली दहा भाषणे आणि कर्डकांचा एक जलसा (गाणी आणि नाट्यप्रवेश यांतून प्रबोधन करणारा कार्यक्रम) बरोबरीचा आहे, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांनी वामनदादांबद्दल काढले होते, असे अनेक ठिकाणी वाचले. भाषणाची सुरुवात त्यानेच करावी असा विचार आहे.

गोदाकाठ

ताई, तशी सुरुवात कृपया करू नका. तो उद्गार ज्यांच्या जलशाबद्दल सांगितला जातो ते कर्डक म्हणजे भीमराव कर्डक. आडनाव एक आणि जिल्हाही नाशिकच, त्यामुळे समाजमाध्यमांवर ही सरमिसळ सर्रास होते. भीमराव हे आंबेडकरी जलशाच्या पहिल्या पिढीतले. सत्यशोधक जलशाने तमाशाचा सांगाडा घेऊन त्यात प्रबोधन भरले होते; आंबेडकरी जलसाकारांनी तोच सांगाडा घेऊन गण आणि गवळण यांचे रूप पालटले आणि वगाच्या जागी पाणवठ्याचे, शाळेचे, वेठबिगारीचे प्रश्न आणले. वामनदादा गाऊ लागले तेव्हा जलशाची ही घडी बसलेली होती. धर्मांतरानंतर हळूहळू जलशाची जागा गायन पार्टीने घेतली, नाट्यप्रवेश मागे पडले, गीत पुढे आले, आणि त्या गीताचा सर्वांत मोठा पुरवठा वामनदादांच्या लेखणीतून झाला. हा फरक सांगितलात, तर दोन्ही कर्डकांना न्याय मिळेल आणि आपले भाषणही वेगळे होईल.

जुनी वही

संहितेच्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. माझे वडील एका पार्टीत कोरस धरत असत. त्यांची गाण्यांची वही माझ्याकडे आहे. प्रत्येक गीताच्या डोक्यावर गीताचे नाव नाही, ‘चाल’ असे लिहून एखाद्या हिंदी चित्रपटगीताचा मुखडा आहे, आणि काही ठिकाणी ती चाल खोडून वर दुसरी लिहिलेली आहे. कडव्यांचा क्रमही बदललेला दिसतो. आमच्या गावात जे कडवे उचलले गेले असेल ते वर सरकले, इतकाच त्याचा अर्थ.

वामनदादांचा ‘वाटचाल’ हा संग्रह १९७३ साली आला आणि ‘हे गीत वामनाचे’ १९७७ साली. म्हणजे पहिले गीत आणि पहिला संग्रह यांत तीस वर्षांचे अंतर आहे, आणि त्या तीस वर्षांत गाणी गळ्यातून गळ्यात आणि वहीतून वहीत फिरत होती. त्यामुळे छापील पाठ हा मूळ आणि बाकीचे बिघडलेले, असे सरसकट धरता येत नाही. वाचून दाखवायला मात्र छापील पाठच घ्यावा, कारण तो त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेला आहे.

शेवटचे कडवे गायब असण्याचे कारण बहुधा असे आहे की त्यात ‘वामन’ ही नाममुद्रा असते. जशी अभंगात ‘तुका म्हणे’, तशीच ती गीतकाराची सही. कॅसेटचा काळ आला तेव्हा वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा छापला जाई आणि गीतकाराचे नाव कोठेतरी कोपऱ्यात असे किंवा नसेच. गाणे आखूड करायचे झाले की कात्री शेवटच्या कडव्यावर चाले, आणि त्याबरोबर सहीही जाई. त्यामुळे नाममुद्रा नसलेला पाठ अपुरा असण्याचा संभव धरावा. उलट बाजूही ध्यानात ठेवावी: पुढच्या काळात काहींनी आपल्या रचनेतही ‘वामन’ घातलेला आहे, म्हणून नाममुद्रा दिसली की गीत त्यांचेच, असा निर्वाळा देऊ नये.

त्यांचे आत्मकथन ‘माझ्या जीवनाचं गाणं’ मिळाल्यास जरूर वाचावे. तसेच १९९३ साली वर्धा येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, हे टिपणात घ्यावे. साहित्याच्या मांडवात त्यांना मानाची खुर्ची मिळाली तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. आणि ताई, ‘कुठाय हो’ नुसते वाचू नका. सभागृहात दहा माणसे असली तरी पुरे, त्यांच्याकडून ते म्हणवून घ्या.