बारा गावचे पाणी प्यालेला प्रशिक्षक

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलसंबंधी (हा आपल्याकडचा फुटबॉल नव्हे, यात चेंडू बहुतांशी हातातच असतो) लिहिताना ‘वेल-ट्रॅव्हल्ड कोच’ला मराठीत काय म्हणावे, असा प्रश्न आहे. ‘बहुप्रवासी’ हा सुचवलेला शब्द मला पटत नाही, कारण त्यातून हौशी पर्यटक डोळ्यांपुढे येतो. येथे अभिप्रेत आहे तो नोकरीपायी गावोगाव बिऱ्हाड हलवणारा माणूस.

लू होल्ट्झ यांचेच उदाहरण घेऊ. १९६९ मध्ये विल्यम अँड मेरी या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झालेले होल्ट्झ पुढे नॉर्थ कॅरोलायना स्टेट, १९७६ मध्ये न्यूयॉर्क जेट्स हा व्यावसायिक संघ (तेथे एक हंगामही पुरा केला नाही), मग आर्कान्सा, मिनेसोटा, नोत्र दाम आणि निवृत्तीतून परतून साउथ कॅरोलायना असे फिरले. त्यांना ‘फिरतीवरचा’ म्हणता येणार नाही, कारण फिरतीवरचा माणूस, मग तो औषधकंपनीचा प्रतिनिधी का असेना, अखेर आपल्या मुक्कामी परततो. ‘बदली’ला वरून हुकूम लागतो. ‘भटक्या’त ठावठिकाणा नसल्याची छटा आहे. ‘मुरलेला’ हा शब्द चांगला आहे खरा, पण मुरायला एकाच बरणीत राहावे लागते.

माझे मत ‘बारा गावचे पाणी प्यालेला’ या प्रयोगाला आहे. होल्ट्झ यांची विद्यापीठे सहाच भरतात, पण यातला ‘बारा’ मोजायचा नसतो. या प्रयोगात अनुभवासोबत थोडा बेरकीपणाही येतो आणि तो येथे मुळीच अस्थानी नाही: मिनेसोटाशी करार करतानाच, नोत्र दामचे बोलावणे आल्यास जाण्याची मुभा देणारे कलम त्यांनी त्यात घालून घेतले होते. १९८५च्या हंगामानंतर ते नोत्र दामला गेले आणि १९८८ मध्ये बाराच्या बारा सामने जिंकून त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. साउथ कॅरोलायनात मात्र १९९९चा पहिला हंगाम अकराही सामने हरून संपला, तरी पुढच्याच हंगामात त्याच संघाने आठ सामने जिंकले.

शीर्षकात एवढा लांब प्रयोग बसत नसेल, तर तेथे ‘फिरस्ता प्रशिक्षक’ चालवून घ्यावे. मजकुरात मात्र आदरार्थी ‘बारा गावचे पाणी प्यालेले होल्ट्झ’ असेच लिहावे.