मदत हवी आहे: 'गॅलिलिओ गॅलिली'मधलं आडनाव आलं कुठून?

शाळकरी मुलांसाठी गॅलिलिओवर छोटी पुस्तिका लिहिते आहे आणि पहिल्याच पानावर गाडी अडली आहे. नाव आणि आडनाव जवळजवळ एकच कसं, हे मुलं विचारणारच.

बापाच्या नावावरून पडलेली इटालियन आडनावं पुष्कळ आहेत, इतपत ठाऊक आहे. दी स्तेफानो म्हणजे स्तेफानोचा. लिओनार्दोचंही पूर्ण नाव लिओनार्दो दी सेर पिएरो दा विंची, म्हणजे विंचीच्या सेर पिएरोंचा मुलगा. आपल्यासारखंच, मधे वडिलांचं नाव. पण इथे 'दी' नाही, आणि वडील तर विन्चेन्झो, ल्यूट वाजवणारे संगीतकार. मग हा गॅलिली कोण? आमच्या घरातलं मत असं की बायबलमधल्या गालीलशी नातं असावं. आणि ती शेवटची 'ई'? मार्तिनी, अल्बेर्ती, रेन्झी, जिथे बघावं तिथे आहेच!

जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद

गोम त्या 'ई'तच आहे. जुने दस्तऐवज लॅटिनमध्ये लिहिले जात. 'मार्तिनुसचा मुलगा पेत्रुस' लिहायचं तर षष्ठीत मार्तिनुसचं मार्तिनी होतं. पुढे 'मुलगा' गळाला, मार्तिनी उरलं. काही जण या 'ई'ला इटालियन अनेकवचन मानतात, म्हणजे मार्तिनो मंडळी. दोन्ही वाटांनी अर्थ एकच, त्या घराण्यातला. तोस्कानात ही 'ई' फार, दक्षिणेकडे 'दी' आणि 'दे' जास्त. रेन्झी तर लाडाच्या नावावरून आलंय: लोरेन्झोचा रेन्झो, रेन्झोचे रेन्झी.

आता गॅलिली. हे बापाचं नव्हे, पूर्वजाचं नाव. पंधराव्या शतकात फ्लोरेन्समध्ये गालिलेओ बोनायुती नावाचे वैद्य होते, इतके नावाजलेले की वंशजांनी बोनायुती टाकून त्यांचंच नाव आडनाव म्हणून घेतलं. विन्चेन्झोंनी १५६४ मध्ये थोरल्या मुलाला तेच नाव ठेवलं, त्यामुळे एक पूर्वज दोनदा आला. दोघांच्याही कबरी फ्लोरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमध्ये आहेत. शास्त्रज्ञाचे अवशेष मात्र १७३७ मध्ये तिथल्या आताच्या स्मारकात हलवले.

घरातलं मतही चुकीचं नाही. गालिलेओ म्हणजे मुळात 'गालीलचा'. पण घराणं तिकडून आलं असा अर्थ काढू नका, ते ख्रिस्ती वळणाचं नाव आहे, एवढंच.

अवांतर: बोनायुती हेसुद्धा बोनायुतो या नावावरूनच, अर्थ 'चांगली मदत'. या धाग्याला शोभतंय.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. गालीलवरून आठवलं. १६१४ मध्ये फ्लोरेन्सच्या एका धर्मोपदेशकाने व्यासपीठावरून गॅलिलिओवर टीका केली होती. त्या प्रवचनात त्याने "गालीलकरांनो, आकाशाकडे काय बघत उभे आहात?" हे बायबलचं वचन वापरलं, अशी आख्यायिका आहे. पुस्तिकेत घालाच, पण आख्यायिका म्हणूनच.

बापाच्या नावावरून आडनाव हवं असेल तर गोव्याचं फर्नांडिस बघा: फर्नांदोचा तो फर्नांडिस. फक्त ते पोर्तुगीज.

धागाकर्ती

दोघांचे आभार, तळटीप सुटली. आता एकच: मुलांसाठी 'गॅलिली' ठेवू की उच्चाराप्रमाणे 'गालिलेई'? संपादकबाई पहिल्यावर अडून आहेत.

प्रतिसाद

मुखपृष्ठावर गॅलिली, तळटिपेत गालिलेई.