आईची अपॉइंटमेंट आणि एआयने काढून दिलेले २२ प्रश्न: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या गुरुवारी आईला किडनीच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदाच न्यायचंय. वय ६८, १२ वर्षांपासून मधुमेह, बीपीची गोळी चालू. नेहमीच्या डॉक्टरांनी क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.२ बघितलं आणि "एकदा दाखवून घ्या" म्हणून चिठ्ठी दिली. मागे एकदा अशाच तपासणीतून आम्ही दोघी १० मिनिटांत बाहेर पडलो आणि जिना उतरताना आठवलं की मुख्य प्रश्न विचारायचाच राहिला. म्हणून या वेळी एआयला हाताशी घेऊन तयारी करायची ठरवलं.

घोळ तिथेच सुरू झाला. रिपोर्टचा फोटो टाकण्याआधी नाव-नंबर दिसू नये म्हणून मी वरची पट्टी खोडली. वय आणि स्त्री-पुरुष हेही त्याच पट्टीत होतं, ते ध्यानात आलं नाही. रिपोर्टवर ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाजी आकडा, कमी म्हणजे वाईट) छापलेला नव्हता, तो काढून मागितला. त्याने वय विचारलं, मी सांगितलं. उत्तर आलं ६६, "या वयाला काळजीचं कारण दिसत नाही." मी खूश. रात्री सहज लिहून गेले, "हे आईला कसं समजावू?" तर म्हणे, पेशंट स्त्री असेल तर आकडा ४९ येतो! क्रिएटिनिन तेच, वय तेच. आधी गुपचूप पुरुष धरून हिशोब केला होता. मग नॅशनल किडनी फाउंडेशनच्या कॅल्क्युलेटरवर घालून पाहिलं, २०२१ च्या सूत्राने ४९च येतो. (६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर किडनीचा जुनाट आजार धरतात, एका रिपोर्टवर ठरवत नाहीत. आमच्या हातात सध्या एकच आहे.)

एक काम मात्र त्याने झकास केलं. "चिठ्ठीत नसलेल्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?" असं विचारलं. मी आईला विचारलं तर गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेन, आठवड्यातून तीन-चारदा, कित्येक महिने. "ती काय औषधात धरायची?" म्हणाली. किडनीला त्रास देणारी गोळी, आणि एकाही डॉक्टरांच्या कानावर गेलेली नाही.

आता अडलंय ते असं. एआयने २२ प्रश्न काढून दिलेत, आहारापासून डायलिसिसपर्यंत. १० मिनिटांत त्यातले कुठले ठेवू? डॉक्टरांसमोर एआयचं नाव काढावं का, की त्यांना राग येतो? आणि नंतर त्यांनी सांगितलेलं समजून घ्यायला कोणी हे वापरतं का?

प्रतिसाद
मी स्वतः ओपीडीत बसतो. कागद घेऊन आलेले पेशंट मला बरे वाटतात, फक्त २२ नकोत. सगळ्या गोळ्या डोससकट लिहा, आयब्युप्रोफेन सर्वांत वर. जुने रिपोर्ट हुडका. दोन वर्षांपूर्वीचं क्रिएटिनिन मिळालं तर तुमच्या निम्म्या प्रश्नांचं काम तिथेच होईल. लघवीतल्या अल्ब्युमिनची (एक प्रथिन) तपासणी झाली नसेल तर ते विचारा. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर डोस बदलायचा का तेही विचारा, पण स्वतःहून काही बंद करू नका. डायलिसिस खोडून टाका, ४९ ला तो विषयच नाही. एआयचं नाव काढलंत तरी चालेल, फक्त "ते असं म्हणतं" यापेक्षा रिपोर्ट पुढे करा. आणि हो, यादी आईंना वाचायला दिलीत का?

प्रतिसाद
बाबांच्या वेळी डॉक्टरांना विचारून बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. घरी आल्यावर एआयला सांगितलं, हे सोप्या मराठीत लिही, स्वतःचं काही घालू नकोस. छान लिहिलं. पण एका गोळीचं "दिवसाआड" होतं, त्याचं "दिवसातून दोनदा" करून ठेवलं! तेव्हापासून डोस फक्त चिठ्ठीवरून वाचतो.

धागाकर्ती
बाप रे, दिवसाआडचं लक्षात ठेवते. कपाट उपसल्यावर दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट सापडला, क्रिएटिनिन १.०. या वेळी "स्त्री" न विसरता लिहिलं, ईजीएफआर ६२ आला. दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिलेत.

यादी आईला दाखवली नव्हती, हे कबूल. काल दिली. तिने चष्मा लावून शांतपणे वाचली, आहाराचे पाच प्रश्न सरळ खोडले ("हे मला ठाऊक आहे") आणि खाली पेनाने लिहिलं: रात्री तीनदा उठावं लागतं, ते का? हे मला तिने कधी सांगितलंच नव्हतं. तोच प्रश्न आता पहिला ठेवलाय.