'अपग्रेड यशस्वी झाले' – आणि मग काय बंद पडलं? (अनुभव धागा)

झरोका (धागाकर्ती)

रात्रभर टक्के सरकत राहतात, मशीन तीन-चारदा आपणहून बंद होऊन चालू होतं आणि सकाळी नवाकोरा वॉलपेपर समोर येतो. आपण खूश. मग दुपारी कुणीतरी प्रिंट काढायला जातं.

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नोंदणी केली तर सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष मिळतात, पण बऱ्याच जणांनी तेवढ्यात विंडोज ११वर उडी मारलेली आहे किंवा मारायच्या बेतात आहेत. म्हणून म्हटलं, आधी एकमेकांचे फटके वाचून घेऊ. फक्त ११चेच नकोत, जुनेही चालतील. मॅकवाले, लिनक्सवाले, सगळे या. कुठून कुठे गेलात, काय अडलं आणि कसं सुटलं (की सुटलंच नाही) एवढं लिहा. कुठली सिस्टीम भारी हा वाद कृपया इथे नको.

माझ्यापासून सुरुवात. ३२ बिट, म्हणजे जुन्या बांधणीच्या, एक्सपीवरून ६४ बिट, म्हणजे नव्या बांधणीच्या, विंडोज ७वर गेले. ही थेट उडी नव्हतीच, सगळं पुसून नव्याने बसवायचं होतं. ते निमूट केलं. प्रोग्रॅम चालले, फोटो परत आले, प्रिंटरसुद्धा शहाण्यासारखा वागला. स्कॅनर मात्र मेला. कंपनीने त्या मॉडेलचा ड्रायव्हर (विंडोजला यंत्राशी बोलू देणारा छोटा प्रोग्रॅम) फक्त ३२ बिटचा काढला होता आणि ६४ बिट विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर दारातच उभा करत नाही. दोन संध्याकाळी मी 'कम्पॅटिबिलिटी मोड'च्या खुणा टिचकवत बसले. नंतर डोक्यात प्रकाश पडला की ती खूण प्रोग्रॅमला 'तू जुन्याच विंडोजवर आहेस' अशी थाप मारते. ड्रायव्हर चालतो विंडोजच्या गाभ्यात, तिथे असल्या थापा पोचत नाहीत. पुढची चार वर्षं एक जुना लॅपटॉप निव्वळ स्कॅनरचा नोकर म्हणून सांभाळला. मग व्ह्यूस्कॅन नावाचा प्रोग्रॅम सापडला. तो स्वतःचे ड्रायव्हर घेऊन येतो. तोच स्कॅनर आजही चालू आहे.


पुस्तकातली वाळवी

एक्सपी → व्हिस्टा. हसून घ्या, थांबतो.

आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून एक छोटं वाचनालय चालवायचो. पुस्तकांच्या नोंदीसाठी एक जुना प्रोग्रॅम होता. तो आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे 'प्रोग्रॅम फाइल्स'च्या आत, ठेवायचा. एक्सपीवर आम्ही सगळे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच बसायचो, त्यामुळे कधी काही वाटलं नाही. व्हिस्टा टाकल्यावर शिस्त म्हणून प्रत्येकाचं वेगळं खातं केलं. प्रोग्रॅम उघडला, जुनी सगळी पुस्तकं जागेवर होती. अपग्रेड यशस्वी!

पंधरा दिवसांनी भांडणं सुरू. मी म्हणतोय, शनिवारी ४० पुस्तकं चढवली. मैत्रीण म्हणतेय, एकही दिसत नाही, उलट मीच तीस चढवलीत ती कुणी पुसली? मी माझ्या खात्यातून उघडून दाखवलं, ४० पुस्तकं आहेत. तिने तिच्या खात्यातून उघडून दाखवलं, नाहीत. एकाच मशीनवर, एकाच प्रोग्रॅममध्ये. आम्ही एकमेकांना खोटारडे म्हणायचे फक्त बाकी होतो.

झालं असं होतं की व्हिस्टापासून साध्या प्रोग्रॅमला 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहायची परवानगी नाही. पण असे जुने प्रोग्रॅम हजारोंनी असणार हे धरून विंडोजने एक पळवाट ठेवली. प्रोग्रॅम लिहायला गेला की त्या फाइलची एक प्रत गुपचूप वापरकर्त्याच्या खात्यात, 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरमध्ये बनते आणि यापुढचं लिहिणं-वाचणं त्या प्रतीतच होतं. प्रोग्रॅमला पत्ता नाही, आपल्यालाही नाही. म्हणजे प्रत्येकाकडे जुनी यादी अधिक स्वतःच्या नोंदी. दुसऱ्याच्या नोंदी कुणालाच नाहीत.

वाईट भाग पुढे आहे. दाखल क्रमांक प्रोग्रॅम आपोआप पुढचा द्यायचा. दोघांच्याही याद्या एकाच क्रमांकापासून पुढे गेल्या. त्यामुळे एकाच क्रमांकाची दोन-दोन पुस्तकं तयार झाली आणि आम्ही चिकट्यासुद्धा लावून मोकळे झालो होतो. शिवाय बॅकअप म्हणून दर आठवड्याला आम्ही निष्ठेने 'प्रोग्रॅम फाइल्स'मधलं फोल्डर सीडीवर घेत होतो. त्यात अपग्रेडच्या दिवसानंतरचं काहीच नव्हतं.

उलगडा कसा झाला? एक्सप्लोररमध्ये ते फोल्डर उघडल्यावर वरच्या पट्टीत 'कम्पॅटिबिलिटी फाइल्स' असं एक बटण येत होतं. महिनाभर ते रोज दिसत होतं. एकदा कंटाळून दाबलं, तर आत माझी ४० पुस्तकं. प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाइल्स'मधून उचलून सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला, त्याला सगळ्यांची परवानगी दिली आणि याद्या हाताने जुळवल्या. चिकट्या खरवडायला जास्त वेळ लागला.


आळशी अजगर

वाळवी, यासाठी दंडवत. आमच्याकडचं फारच किरकोळ. व्हिस्टानंतर हिशेबाचा प्रोग्रॅम चालला, पण एफ-वन दाबलं की मदत उघडेना. जुन्या .एचएलपी फाइली उघडणारा प्रोग्रॅमच विंडोजने सोबत देणं बंद केलं होतं. व्हिस्टापासून ८.१पर्यंत तो वेगळा उतरवून घेता यायचा, १०ला तेही गेलं. सगळी मदत मी एकदा छापून घेतली होती, ती बाड अजून वापरतो.


टंकिका

माझा त्रास टायपिंगवाल्यांना कळेल. एका पुस्तकाची फाइल मंगल फॉन्टमध्ये जुळवलेली, पानं २१४, मागे विषयसूची पानांच्या आकड्यांसकट. मशीन बदललं, विंडोज १० आलं. फाइल उघडली तर पानं २०० सुद्धा नाहीत. एक अक्षर गळलेलं नाही, पण सूचीतला प्रत्येक आकडा चुकलेला.

मला आधी वाटलं मीच कुठेतरी ओळींमधलं अंतर हलवलं. तास गेला. वर फॉन्टच्या चौकटीत 'मंगल'च लिहिलेलं होतं, म्हणून तिकडे संशय गेला नाही. खरं म्हणजे वर्ड कागदपत्रात मागितलेल्या फॉन्टचं नाव दाखवतो. तो मशीनवर नसला तर त्याच्या जागी दुसरा वापरून मोकळा होतो. विंडोज १०पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट इंग्रजी विंडोजबरोबर आपोआप बसत नाहीत. देवनागरीसाठी हजर असतो तो निर्मला. मंगलला वरखाली बरीच जागा लागते, निर्मलाचं तसं नाही. म्हणून पानं आटली.

उपाय दोन मिनिटांचा. सेटिंगमध्ये 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये जाऊन देवनागरीचे पूरक फॉन्ट घ्यायचे, किंवा भाषांच्या यादीत मराठी जोडायची, की ते आपोआप येतात. तेव्हापासून पाठवायची प्रत फॉन्ट आत बसवलेली पीडीएफच.


झरोका

टंकिका, हे मला आत्ता कळतंय. माझी एक पत्रिका अशीच आटली होती आणि मी प्रिंटरला शिव्या घातल्या.


अर्धं सफरचंद

मॅक. मोजावे → कॅटालिना, २०१९. कॅटालिनाने ३२ बिट ॲप्स पूर्ण बंद केली. आणि यात माझ्यापुरता दोष माझाच, कारण कल्पना नव्हती असं म्हणायला तोंड नाही. आधीचं वर्ष-दीड वर्ष ॲप उघडताना 'हे पुढे चालणार नाही' अशी पाटी यायची आणि मी न वाचता 'ठीक आहे' करायचो. मोजावेच्या सिस्टीम रिपोर्टमध्ये तर अशा ॲप्सची वेगळी यादीच तयार होती.

गाणी जुळवायच्या प्रोग्रॅमचे माझे सहा प्लगइन (मुख्य प्रोग्रॅमला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) गेले. मुख्य प्रोग्रॅम चालायचा, पण जुनं गाणं उघडलं की निम्मे ट्रॅक मुके. आठ वर्षांचं काम तसं अडकलेलं. शेवटी एका बाहेरच्या डिस्कवर मोजावे बसवलं, तिथून मशीन सुरू करून एकेक गाणं उघडलं आणि प्रत्येक ट्रॅकचा साधा ऑडिओ काढून ठेवला. आता नवं मशीन ॲपलच्या स्वतःच्या चिपचं आहे, त्यावर मोजावे बसणारच नाही. त्यामुळे जुना मॅक त्या डिस्कसकट जपून ठेवलाय.


पेंग्विनचा पाय

उबुंटू २०.०४ → २२.०४. लिनक्सवाले 'आमच्याकडे असलं काही होत नाही' म्हणतात, मीही म्हणायचो.

अपग्रेडच्या शेवटी ते विचारतं, 'जुनी, आता नको असलेली पॅकेजेस काढू का?' मी हो म्हटलं. त्यात पोस्टग्रेस १२, म्हणजे माझा डेटा सांभाळणारा डेटाबेस प्रोग्रॅम, होतं. २२.०४बरोबर येतं १४. मी समजून चाललो की डेटा आपोआप १४मध्ये गेला असेल. नसतो जात. १४ने आपला रिकामा संसार शेजारच्या पोर्टवर, ५४३३वर थाटला होता. माझा डेटा जुन्या फोल्डरमध्ये शाबूत, पण तो वाचणारा १२ मीच काढून टाकलेला.

पहिल्या पाच मिनिटांत घाम फुटला होता हे कबूल. मग पोस्टग्रेसच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून (प्रोग्रॅम उतरवून घ्यायच्या कोठारातून) १२ परत बसवलं आणि 'पीजी-अपग्रेडक्लस्टर' चालवून डेटा १४मध्ये नेला. आणखी एक: अपग्रेड करताना बाहेरच्या सगळ्या रिपॉझिटरी बंद केल्या जातात आणि नंतर त्या आपणच पुन्हा सुरू करायच्या असतात. महिनाभर माझा एक प्रोग्रॅम का नवा होत नाही याचं कोडं त्यात सुटलं.


काळा पडदा

१० → ११. तपासणीच्या ॲपने सांगितलं 'टीपीएम नाही', म्हणजे ११ला लागणारी, सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय नाही. मशीन तसं नवं, त्यामुळे पटेना. टीपीएम २.० प्रोसेसरमध्येच होतं, बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेलं. इंटेलवर ते पीटीटी या नावाने असतं, एएमडीवर एफटीपीएम. मला 'टीपीएम' असं लिहिलेलं बटण हवं होतं, म्हणून दिसेना.

मग सिक्युअर बूटची, म्हणजे मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीची, गोची. त्याला यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) हवं आणि माझी डिस्क विभागणीच्या जुन्या एमबीआर पद्धतीची. विंडोज १०मध्ये त्यासाठी 'एमबीआरटूजीपीटी' नावाची सोय आहे, डेटा न पुसता डिस्क बदलते. बॅकअप घेतला, चालवलं, झालं. बायोसमध्ये यूईएफआय निवडलं, मशीन चालू केलं आणि स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, दिवे लागलेत, पडद्यावर काही नाही.

डिस्कचं वाटोळं झालं या समजुतीत एक पूर्ण रविवार गेला. दोष होता ग्राफिक्स कार्डात. माझं कार्ड इतकं जुनं की त्याच्या फर्मवेअरला (आत कायमच्या बसवलेल्या सॉफ्टवेअरला) यूईएफआयची भाषाच येत नव्हती. कार्ड काढलं, केबल थेट मदरबोर्डला लावली, तर ११ची तपासणी हिरवी. इतके दिवस ज्या कार्डाला मी मशीनचा सगळ्यात भारी भाग समजत होतो, तोच सगळ्यात म्हातारा निघाला.


वाटसरू

काळा पडदा, बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) तात्पुरता थांबवला होतात ना? मी नव्हता थांबवला. मशीनने ४८ अंकी किल्ली मागितली आणि बिटलॉकर चालू आहे हेच मला तेव्हा कळलं. किल्ली ऑनलाइन खात्यात साठवलेली होती म्हणून फोनवरून वाचून टाकता आली. दोनदा चुकलो.


काळा पडदा

माझ्याकडे बिटलॉकर नव्हताच. नशीब म्हणायचं.


सर्व्हरखोलीतला मामा

ऑफिसातला किस्सा. विंडोज ७ची सगळी मशीनं १०वर नेली. मोठं कॉपियर मशीन स्कॅन करून थेट प्रत्येकाच्या संगणकावरच्या फोल्डरमध्ये फाइल टाकायचं, ते अपग्रेडनंतरही चालू राहिलं. मी फाइल बंद केली, आभाराचे मेलसुद्धा आले.

तीनेक आठवड्यांनी एकेकाचं स्कॅनिंग बंद पडायला लागलं. सगळ्यांचं एकदम नाही. आज हिचं, परवा त्याचं. मी कॉपियर, केबल, पासवर्ड, सगळं तपासलं. कारण असं की आमचं कॉपियर फाइल पाठवायला एसएमबी-१ हा नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याचा जुनाट प्रोटोकॉल वापरायचं. विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून तो काढायला सुरुवात झाली. वरून अपग्रेड केलं असेल तर तो आधी राहू देतात आणि एकूण १५ दिवस वापरच झाला नाही तर गुपचूप काढून टाकतात. मशीन बंद असलेला वेळ त्यात धरत नाहीत. म्हणजे जो रोज स्कॅन करतो त्याचं चालू, जो कधीमधी करतो त्याचं बंद. साहेबांचं पहिल्यांदा बंद पडलं, यावरून काय समजायचं ते समजा.

एसएमबी-१ परत चालू करायचा सोपा मोह होता. केला नाही. २०१७च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने त्याच जुन्या दारातून घुसून जगभर धुमाकूळ घातला होता. कॉपियरचं फर्मवेअर नवं केलं, त्यात एसएमबी-२ निघालं.


जुनं ते सोनं

तुम्ही सगळे अपग्रेड करताच कशाला? आमच्याकडे कापायच्या यंत्राला जोडलेलं एक्सपी अजून फिरतंय. नेटची केबल नाही, पेनड्राइव्ह एकच, तोही ठरलेला. शेजारी फॉक्सप्रो २.६मधला डॉसवरचा साठ्याचा हिशेब आहे. तो १६ बिट, ६४ बिट विंडोजवर उठतच नाही, आणि ११ तर ३२ बिटमध्ये येतच नाही. म्हणून आता व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या नकली संगणकात) एक्सपी घालून त्यात बसवलाय. जुन्या संगणकापेक्षा तिथे जास्त वेगात पळतो.


वाटसरू

जुनं ते सोनं, त्या एक्सपीच्या डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढून ठेवली आहे ना?


जुनं ते सोनं

...आज काढतो.


झरोका

घाईत असणाऱ्यांसाठी: १०वरून ११वर गेल्यावर नाही पटलं तर परत फिरायला साधारण १० दिवसच मिळतात. तोवर 'विंडोज.ओल्ड' फोल्डर जागा खातंय म्हणून उडवू नका. मामांचा त्रास मात्र तीन आठवड्यांनी उगवला, त्याला तेही कामाचं नाही.

वाळवी, ती पुस्तकं शेवटी जुळली का सगळी?


पुस्तकातली वाळवी

आमची दोघांची जुळली. मशीन मोडीत काढताना मात्र एक तिसरं खातं सापडलं, मध्येच सोडून गेलेल्या एका मित्राचं. त्याच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये ११ पुस्तकं होती. त्यातली ९ कपाटात मिळाली. उरलेल्या दोन पुस्तकांच्या नोंदीपुढे 'वाळवीला दिलं' असं लिहिलंय आणि मला अजिबात आठवत नाही.