फॉर्च्युनरच्या पोटाखाली स्किड प्लेट: पोलादी की ॲल्युमिनियमची?

मुलुंडकर: माझी गाडी एरवी मुंबईतच धावते, परंतु पावसाळ्यात भंडारदऱ्याच्या बाजूला दगडधोंड्यांच्या वाटेवर जाते. ऑइल संपपासून (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) ट्रान्सफर केसपर्यंत (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) स्किड प्लेटचे, म्हणजे गाडीच्या तळाला दगडांपासून वाचवणाऱ्या पत्र्याचे, संरक्षण हवे आहे. कोणता पत्रा घ्यावा?

घाटवाट: गाडी खडकावर टेकणार असेल, तर पोलादच घ्यावे, वाकले तरी ठोकून सरळ करता येते. मात्र पोलादाची घनता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट असल्याने तेवढ्याच जाडीच्या पत्र्याचा भार पुढच्या स्प्रिंगांवर चांगलाच जाणवतो. शिवाय मुंबईच्या खाऱ्या हवेत नुसता रंग टिकत नाही, त्यामुळे गॅल्व्हनाइज केलेलाच (जस्ताचा थर दिलेला) पत्रा निवडावा.

जुना गॅरेजवाला: ॲल्युमिनियम घेतल्यास पोलादी बोल्टखाली नायलॉनचे वॉशर घालावेत, अन्यथा खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंच्या संपर्कामुळे बोल्टभोवतीचा पत्राच खाल्ला जातो. पत्रा चासिसलाच (गाडीच्या सांगाड्यालाच) कसावा, ऑइल संपला कधीही नाही. ड्रेन प्लगसमोर (जुने तेल काढण्याचा बोल्ट) पत्र्याला भोक आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी गाडीखाली वाकून पाहावे. नसल्यास प्रत्येक ऑइल बदलाला सगळा पत्रा उतरवावा लागेल आणि मेकॅनिक मजुरी वाढवून सांगेल, ते वेगळेच!

मुलुंडकर: आभारी आहे. वाटा खडकाळच असल्याने गॅल्व्हनाइज्ड पोलाद घेतो.