मदत हवी आहे : मातीतल्या अबोल पैलवानाचा प्रोमो कसा लिहावा?

नमस्कार मंडळी. चाळीसगाव, पाचोरा, शिरपूर आणि शहादा येथे राहणाऱ्या आम्ही चार मित्रमैत्रिणींनी दिवाळीपासून कुस्तीचे सामूहिक रोलप्ले-लेखन, म्हणजे ज्याला ई-फेड म्हणतात ते, मराठीतून सुरू केले आहे. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते : प्रत्येक लेखक आपला एक पैलवान निर्माण करतो, सामना जाहीर झाला की दोघेही ठरलेल्या मुदतीत आपापल्या पैलवानाचा प्रोमो, म्हणजे सामन्याआधीचे त्याचे आव्हानपर बोलणे, लिहून देतात, आणि परीक्षक ज्याचे लेखन सरस ठरवतात त्याचा पैलवान जिंकतो. निकाल आधीच आपसांत ठरवून केवळ कथानक रंगवणारे गटही असतात, पण आम्हाला चुरस हवी होती.

माझा पैलवान गिरणाकाठचा आहे. चाळीसगाव तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली, तेव्हापासून आपल्या मातीतला पैलवान कागदावर उतरवावा असे माझ्या मनात होते. माझे आजोबा गावच्या तालमीत वस्ताद होते आणि लहानपणी त्यांच्यासोबत मी यात्रेतल्या कितीतरी दंगली पाहिल्या आहेत. तिथे हलगी कडाडते, निवेदक जोडी पुकारतो, पैलवान माती कपाळाला लावून सलामी देतात आणि एकही शब्द न बोलता भिडतात. पाठ मातीला लागली की निकाल झाला, बोलायचे राहतेच काय?

प्रोमोत मात्र बोलणे हेच सर्वस्व असते, आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे. मी आतापर्यंत तीन प्रोमो लिहिले आणि तिन्ही वेळा हरले. हरल्याचे दुःख नाही, परंतु परीक्षकांनी लिहिले की हा पैलवान कुठल्याही गावचा असू शकेल, आणि ते मला फार लागले, कारण ते खरे आहे. मी त्याच्या तोंडी ‘तुझी हाडे मोडीन’ अशी वाक्ये घातली होती. ज्या मुलाला वस्तादाने कुस्तीआधी आणि कुस्तीनंतरही समोरच्याच्या हाताला हात लावायला शिकवले, तो असे बोलणार नाही.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रतिस्पर्धी लेखकाने आपल्या प्रोमोत माझ्या पैलवानाला गयावया करताना दाखवले. हे योग्य आहे का? आणि संवाद अहिराणीत लिहिले तर परीक्षकांना, ज्यांतील एक जण कोकणातील आहेत, ते जड जाईल का?

प्रतिसाद :

ताई, आपला पैलवान बोलत नाही हा दोष समजू नका. त्याच्या वतीने बोलणारा माणूस शोधा. अमेरिकन व्यावसायिक कुस्तीत हे जुनेच आहे. अंडरटेकर मोजके बोलत असे आणि त्याच्यासाठी पॉल बेअरर बोलायचा, ब्रॉक लेस्नरसाठी पॉल हेमन बोलत आला, आणि २००७ साली विश्वविजेता झालेल्या खलीच्या वतीने त्याचा दुभाषी बोलत असे. तिकडे त्यांना मॅनेजर म्हणतात. आपल्याकडे ती जागा वस्तादाची आहे, आणि वस्ताद तर आपण घरातच पाहिला आहे.

दुसरे असे की प्रोमो म्हणजे माइकसमोरचे भाषणच असले पाहिजे, असा नियम नाही. पहाटे आखाड्याची माती खणून तीत तेल, ताक आणि हळद मिसळणारा मुलगा दाखवा. कापसाला भाव मिळाला नाही म्हणून दुधाचा रतीब अर्ध्यावर आणावा का, हे घरात हळू आवाजात चाललेले बोलणे त्याने ऐकले आणि तरीही तो जोर मारायला गेला, एवढ्यानेच ही कुस्ती त्याला का जिंकायची आहे ते कळेल. डावांची नावे मात्र मोजकी ठेवा. ढाक, घिस्सा, एकेरी पट अशी रांग लावली की जाणकार सुखावतो आणि इतर वाचक बाहेर राहतो. एकच डाव घ्या आणि तो पायाच्या अंगठ्यापासून दिसू द्या.

समोरच्या पैलवानाबद्दल आपला पैलवान काय समजतो ते हवे तितके लिहावे, पण त्याला हलवण्याचा, बोलवण्याचा वा रडवण्याचा अधिकार त्याच्या लेखकाचाच असतो. झाले ते नजरचुकीने झाले असेल. तरी चौघांनी हा नियम आता लेखी करून ठेवावा, नाहीतर लेखनातला राग मैत्रीत उतरतो. मी पूर्वी होतो तो गट याच कारणाने मोडला आणि त्याची खंत अजून आहे.

अहिराणी जरूर लिहा. निवेदन प्रमाण मराठीत ठेवून वस्तादाची वाक्ये तेवढी अहिराणीत ठेवली, तर संदर्भाने अर्थ लागतो.

धागाकर्ती :

दादा, मनापासून आभार. वस्तादाची जागा रिकामी आहे हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आपला प्रतिसाद वाचल्यावर आजोबांच्या आवाजात पहिले वाक्य सुचले : ‘मना पोऱ्या बोलत नही, कुस्ती करस.’ आमचे घर बोलण्यात आता मराठीकडे झुकले आहे, म्हणून धुळे-नंदुरबारकडील कुणी हे वाक्य तपासून द्यावे, ही विनंती. प्रोमोची मुदत शुक्रवारी रात्री दहापर्यंत आहे. गुरुवारी संपूर्ण मसुदा येथेच देते.